जुगाड नव्हे, रूपांतर

गेल्या काही वर्षांत मराठीत 'जुगाड' हा शब्द फार सैलपणे वापरला जाऊ लागला आहे. एखाद्या शेतकऱ्याने जुन्या मोटारसायकलला कोळप्याचे दाते लावले, एखाद्या मिस्त्रीने भंगारातून काही उभे केले, की बातमीचा मथळा ठरलेला असतो. उत्तर भारतात पाण्याच्या पंपाचे इंजिन बसवून चालवलेल्या ओबडधोबड गाडीला हे नाव होते. तेथून ते फिरत फिरत व्यवस्थापनशास्त्रापर्यंत गेले. २०१२ साली इंग्रजीत याच शब्दाला शीर्षकात मिरवणारे एक पुस्तकही निघाले. शब्दात कौतुक आहे हे मान्य. परंतु हे कौतुक मुलाच्या बोबड्या बोलाचे असते, तशा जातीचे आहे. 'शिक्षण नाही, साधने नाहीत, तरी पाहा कसे भागवले!' असा त्याचा सूर असतो. ज्याचे कौतुक होते त्याच्याकडे काही ज्ञान असेल, त्या ज्ञानाला काही शिस्त असेल, ही शक्यता हा शब्द आधीच बाद करतो.

माझी या शब्दाविरुद्ध तक्रार आहे, आणि ती भाषा-साहित्य शिकवणाऱ्या आपल्यासारख्यांपुढेच मांडावी असे मला वाटते. कारण या प्रकरणात थोडाफार दोष आपल्याकडेही येतो. तक्रारीचे निमित्त एक जुनी गाडी आहे.

गोंदिया जिल्ह्यात, अर्जुनी मोरगाव तालुक्यातील आमच्या गावी, माझ्या काकांकडे जीपच्या सांगाड्यावर बांधलेली, मागे मालाचा डाला असलेली एक जुनी गाडी होती. इंजिनाची ताकद तिच्या फक्त मागच्या दोन चाकांना मिळे. पुढची चाके नुसती वळण्यापुरती. २००३ च्या उन्हाळ्यात काकांनी आणि गावातल्या एका मिस्त्रींनी घराच्या अंगणात, कडुनिंबाखाली, ती चारही चाकांना ताकद मिळणारी करून घेतली. मी तेव्हा मराठीचे शिक्षण नुकतेच संपवून घरी आलो होतो. पाने हातात देणे आणि चहा आणणे एवढेच माझे त्या कामातले योगदान.

हा खटाटोप कशासाठी, हे धानाच्या मुलखाबाहेरील वाचकांना सांगितले पाहिजे. गोंदिया हा १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झालेला जिल्हा. तळ्यांचा आणि धानाचा. आमच्याकडे शेताच्या वाफ्याला बांधी म्हणतात आणि मातीला एकच नाव नसते: कन्हार, मोरांड, सिहार, खरडी, बरडी अशी तिची कुळे आहेत. पावसात कन्हार चाकाला चिकटते आणि सोडत नाही. सिहारीवर चाक घसरते. बरडी तेवढी निर्धोक. रोवण्याच्या दिवसांत खताची पोती, डिझेलचे पंप आणि पऱ्ह्यांचे भारे शेतापर्यंत न्यायचे असतात, आणि मळणीनंतर धान त्याच वाटेने बाहेर काढायचे असते. मागच्या चाकांची गाडी अशा वाटेवर एका विशिष्ट रीतीने अडकते. मागचे एक चाक घसरू लागले की डिफरेन्शियल त्याच फिरत्या चाकाला फिरवत राहतो, दुसरे चाक स्वस्थ उभे असते, आणि पुढची चाके नांगराच्या फाळासारखी चिखलात रुतून गाडीलाच आडवी येतात. पुढच्या चाकांनाही ताकद मिळाली, तर तीच चाके गाडीला ओढून काढतात. तत्त्व एवढेच.

तत्त्व एवढे असले, तरी काम एवढे नसते. गिअरबॉक्सच्या मागे ताकद दोन वाटांनी विभागणारी पेटी लागते. तिला ट्रान्सफर केस म्हणतात. आमच्या गिअरबॉक्सला ती थेट बसणारी नव्हती, म्हणून गिअरबॉक्ससकट पूर्ण जोडच मिळवावा लागला. पुढचा नुसता भार पेलणारा आस काढून तेथे डिफरेन्शियल असलेला, आतून फिरणाऱ्या शाफ्टचा आस घालावा लागतो. हा आस ज्या कमानपाट्यांवर बसतो त्यांतले अंतर मोजून जुळवावे लागते. त्याचा फुगीर भाग इंजिनाच्या तेलाच्या टाकीला लागणार नाही एवढी उंची राखावी लागते. आणि तो फुगवटा ज्या बाजूला असेल त्याच बाजूने ट्रान्सफर केसमधून पुढे जाणारा दांडा निघावा लागतो. मागचा दांडा आता लांब पडतो, म्हणून तो खरादावर कापून, जोडून, तोल साधून घ्यावा लागतो. स्टिअरिंगच्या कांड्या, ब्रेकच्या नळ्या, वळताना चाक कुठवर जावे याचे अडसर, सगळेच पुन्हा बसवावे लागते. यातला एकेक भाग सोपा आहे. अवघड असतो तो त्यांचा परस्परांशी संबंध.

मला आजही आठवतो तो या संबंधाचाच एक प्रसंग. काकांनी दूरच्या भंगार बाजारातून पुढचा आस आधीच विकत आणला होता. पैसे देऊन झाले होते, गाडीभाडे झाले होते, आणि मृग तोंडावर आला होता. मिस्त्रींनी आस लाकडी ठोकळ्यांवर ठेवला. एका टोकाची चकती मला घट्ट धरायला सांगितली. दुसऱ्या टोकावर आणि मधल्या दांड्याच्या तोंडावर खडूची खूण केली. मग ते टोक त्यांनी बरोबर दोन फेरे फिरवले आणि तेवढ्यात दांड्याच्या तोंडाचे किती फेरे झाले ते मोजले: पाचाला थोडे कमी. मग गाडीचे मागचे एक चाक उचलून, दुसरे जमिनीवर तसेच टेकवून, पुन्हा तोच प्रयोग: पाच फेरे आणि वर सव्वा तृतीयांशाच्या आसपास. मिस्त्रींनी खडू खाली ठेवला आणि म्हणाले, "भाऊ, हा नाई चालत. दोगं सारखे फिरले पायजेत, नाई त भांडतीन."

याचा अर्थ मला पुष्कळ वर्षांनी, आकडेमोड करून पाहिल्यावर कळला. जुन्या जीपच्या आसात ४३ आणि ८ दातांची जोडी असे. म्हणजे दांडा ५.३७५ वेळा फिरतो तेव्हा चाक एकदा फिरते. आणलेल्या आसात ३९ आणि ८ दातांची जोडी असावी; तिचे प्रमाण ४.८७५. एक चाक धरून दुसरे दोनदा फिरवले की आसाचा एक पूर्ण फेरा होतो, म्हणून मिस्त्रींची मोजणी दात न पाहताही अचूक होती. दोन्हींत फरक दहा टक्क्यांचा. असे दोन आस एकाच गाडीला जोडले, तर गाडी दहा मीटर जाईपर्यंत पुढची चाके मागच्यांहून सुमारे एक मीटर अधिक जाऊ पाहतील किंवा मागे राहू पाहतील. चिखलात घसरून हे भांडण मिटेल. कडक रस्त्यावर मात्र कुठला तरी दात किंवा क्रॉस तुटेपर्यंत ते चालेल. काकांनी विनवून पाहिले, चिडूनही पाहिले. मिस्त्री बधले नाहीत. दुसरा आस मिळेपर्यंत दीड महिना गेला. त्या वर्षीचा रोवणा गाडीशिवायच झाला.

जुगाड करणारा माणूस असा 'नाही' म्हणत नाही. जे हाताशी आहे त्यावर भागवणे ही जुगाडाची व्याख्या मानली, तर येथे नेमके उलटे घडले. हाताशी होते ते नाकारले गेले, कारण एक प्रमाण जुळत नव्हते. नकार देता येणे ही ज्ञानाची खूण आहे. ज्याला निकष नाही त्याला नाकारता येत नाही, हे समीक्षेच्या विद्यार्थ्यांना वेगळे सांगायला नको.

या कामाला मराठीत एक नेमका शब्द आहे, आणि तो आपल्याच दालनातला आहे: रूपांतर. मूळ कृती एका भूमीसाठी घडलेली असते. तिला दुसऱ्या भूमीवर चालवायचे, तर तिचे काही भाग बदलावे लागतात. बदललेले भाग उरलेल्यांशी जुळावे लागतात. गोविंद बल्लाळ देवलांनी 'ऑथेल्लो'चा 'झुंझारराव' केला, पु. ल. देशपांडे यांनी 'पिग्मॅलियन'ची 'ती फुलराणी' केली, तेव्हा आपण काय तपासतो? मूळ कृतीतले प्रत्येक वाक्य आले की नाही, हे फारसे कोणी तपासत नाही. बोलीतून माणसाचा सामाजिक दर्जा ठरणे हे 'पिग्मॅलियन'चे मर्म लंडनच्या इंग्रजीवर चालते. ते मराठी बोलींवर चालते का, हे आपण पाहतो. ते चालते म्हणून 'फुलराणी' उभी राहते. एकच अंग बदलले आणि बाकीची तशीच ठेवली, तर नाटकाचे पुढचे आणि मागचे आस एकमेकांशी भांडू लागतात. अशी फसलेली रूपांतरे आपण सर्वांनी पाहिली आहेत. ही तुलना मी अलंकार म्हणून करीत नाही. दोन्हीकडे विचारायचा प्रश्न एकच आहे, आणि तरी एका कामाला आपण अभ्यासक्रमात जागा देतो व दुसऱ्याला बातमीच्या तळाशी हसून सोडून देतो, एवढेच मला दाखवायचे आहे.

असे का झाले? मला वाटते, आपल्या साहित्याने यंत्राकडे बघण्याची एक सवय लावून घेतली. ग्रामीण साहित्यात यंत्र बहुधा बाहेरून येते आणि काहीतरी मोडते. आनंद यादवांच्या 'गोतावळा' (१९७१) या कादंबरीत ट्रॅक्टर येतो आणि नारबाचा जनावरांचा गोतावळा उद्ध्वस्त होतो. ती व्यथा खरी आहे आणि ती कादंबरी मोठी आहे. पण त्यानंतरच्या अर्धशतकात तेच यंत्र गावात जुने झाले, त्याचे पाटे मोडले, ते तीनदा विकले गेले, गावातल्या लोहाराच्या मुलाने ते उघडले, शिकून घेतले, आणि त्याला गावच्या मातीजोगे केले. यंत्राचाच गोतावळा झाला. आमच्या मिस्त्रींचे वडील बैलगाडीच्या चाकाला धाव चढवीत. तापवलेली लोखंडी धाव लाकडाला किती आवळेल याचा अंदाज त्यांच्या डोळ्यात होता, असे मिस्त्री सांगत. तोच अंदाज मुलाच्या हाती खडूची मोजणी होऊन आला. या दुसऱ्या प्रकरणाला आपल्याकडे लेखक फारसे मिळाले नाहीत. शहरी कामगाराच्या बाबतीतही थोडेफार असेच झाले. नारायण सुर्व्यांपासून पुढे कामगाराचे दुःख, त्याचा संताप, त्याची माणुसकी मराठीत आली आणि तिने मराठी कविता बदलली. त्याच्या हातातले ज्ञान मात्र क्वचितच आले. अपवाद असतील, पण अपवादांनी परंपरा होत नाही.

आपल्याकडे नोंदीची परंपराच नाही असे मात्र म्हणता येणार नाही. त्रिंबक नारायण आत्रे यांचे 'गाव-गाडा' १९१५ साली आले; बलुतेदारांची कामे, हक्क आणि त्यांच्या व्यवस्थेचे ताण त्यांनी ज्या बारकाईने लिहिले त्याला तोड नाही. त्यांचा भर व्यवस्थेवर होता, हाताच्या कामाच्या पायऱ्यांवर नव्हता. दुसरे उदाहरण तर आमच्या तालुक्यातलेच आहे. मारुती चितमपल्ली वनाधिकारी म्हणून नवेगावबांधला राहिले. तेथील जंगल आणि तळे यांच्याबरोबर तेथील माणसांची भाषाही त्यांनी ऐकली, आणि रानातल्या लोकांच्या तोंडी असलेली पाखरांची, झाडांची नावे त्यांच्या लेखनातून व कोशांतून मराठीला मिळाली. २०२५ साली, पद्मश्री मिळाल्यानंतर काही आठवड्यांतच, ते गेले. त्यांच्या आधी ती नावे नव्हती असे नाही. ती होती, पण ज्यांना ती ठाऊक होती त्यांना कोणी लेखक मानत नव्हते, आणि जे लेखक होते त्यांना ती ठाऊक नव्हती. गॅरेजाच्या बाबतीत आज तीच स्थिती आहे. खराद, कमान, पाटे, आटे, क्रॉस, बुश अशा शब्दांत मराठी, हिंदी आणि इंग्रजी एकमेकांत मुरलेली आहेत. 'धुरा' हा शब्द आपण भाषणात नेतृत्वासाठी वापरतो. आमच्याकडे शेताच्या बांधाला धुरा म्हणतात. आणि धुऱ्यावर गाडी अडकली असे कोणी सांगितले तर ती कुठे, कोणत्या कोनात अडकली असेल हे मिस्त्रींना न पाहता कळे. शासनाच्या भाषा संचालनालयाने तांत्रिक विषयांचे परिभाषा कोश काढले, ते उपयुक्तही आहेत. पण त्यांची दिशा इंग्रजी शब्दापासून संस्कृतोद्भव प्रतिशब्दाकडे जाणारी आहे. अंगणातून कोशाकडे जाणारी वाट अजून पडायची आहे.

यावर कोणी म्हणेल, नोंद नसली म्हणून काय बिघडले? काम तर झाले. गाडी तर चालली. बिघडते ते असे.

जगात चार चाकांना ताकद देण्याचे तंत्र ज्या ठिकाणी यशस्वी झाले त्यांतले एक ठिकाण म्हणजे अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातील क्लिंटनव्हिल हे लहानसे गाव. ऑटो झाको आणि विल्यम बेसरडिच या दोघा यंत्र-कारागिरांनी वळणाऱ्या चाकालाच ताकद कशी द्यावी हा प्रश्न १९०८ च्या सुमारास सोडवला. त्यांची कार्यशाळा आणि आमचे अंगण यांत मला तत्त्वतः फरक दिसत नाही. फरक पुढे पडला: त्यांनी आपल्या सांध्याचे वर्णन लिहून, चित्र काढून पेटंट घेतले, आणि त्यातून कंपनी उभी राहिली. पुढे १९५० च्या दशकात मिनियापोलिसच्या नॅपको या कंपनीने मागच्या चाकांवर चालणाऱ्या ट्रकांना चार चाकांचे करण्याचे तयार संच विकले. १९५७ पासून शेव्हरोलेने तशा गाड्या कारखान्यातूनच देण्यास सुरुवात केली. म्हणजे जे काम आमच्याकडे जुगाड ठरते तेच तेथे आधी पेटंट झाले, मग संच आणि शेवटी कारखान्याचे उत्पादन. प्रत्येक पायरीवर एक लिखित मजकूर होता.

दूर जाण्याचीही गरज नाही. गोंदिया–जबलपूर ही सातपुड्यातून जाणारी रेल्वे शंभर वर्षे अडीच फुटी रुळांवर चालली. तिचे रूपांतरही आमच्या डोळ्यांदेखत टप्प्याटप्प्याने झाले आणि आज ती रुंद रुळांची आहे. त्या कामाचा प्रत्येक पूल, प्रत्येक चढ, प्रत्येक मोजमाप कुठल्या ना कुठल्या फाइलीत आहे. अंगणातल्या रूपांतराची फाइल नव्हती. आणि ज्याची फाइल नाही त्याचे कायद्यापुढे काय होते, हे आम्हाला नंतर कळले.

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील निर्मात्याने मूळ ठरवलेल्या तपशिलांहून वेगळे होतील असा बदल मालकाला करता येत नाही. इंजिन बदलणे, इंधनाचा प्रकार बदलणे, अपंग व्यक्तीसाठी वाहन अनुकूल करणे अशा काही बाबींना अटींसह मुभा आहे. ९ जानेवारी २०१९ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने मूळ रचनेत बदल करण्यास मनाई असल्याचे स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अनधिकृत बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आली. २००३ साली आमच्या घरात परवानगीचा विचारही कोणाच्या मनात आला नव्हता. ती चूकच होती, आणि ती मी झाकणार नाही. काकांनी गाडी शेत आणि घर एवढ्यापुरती ठेवली, तरी चूक ती चूकच.

कायद्यामागचे कारणही मला पटते. पुढच्या आसाचा सांधा वळणावर सुटला किंवा ब्रेकची नळी ताणून तुटली, तर मरणारा माणूस रस्त्यावरचा कोणीही असू शकतो. वाईट वेल्डिंग करणारे, प्रमाण न मोजता आस जोडणारे मिस्त्री आहेत, आणि ते थोडे नाहीत. रस्त्यावरच्या अधिकाऱ्याने चांगला मिस्त्री आणि वाईट मिस्त्री यांतला फरक ओळखावा कसा? दोघांचेही काम अबोल आहे. एकाने खडूने फेरे मोजले होते आणि दुसऱ्याने मोजले नव्हते, हे लोखंडाकडे बघून कळत नाही. ते कळते लिखाणातून: कोणता भाग कुठून आला, कोणते प्रमाण, कोणती मापे, कोणती चाचणी. ब्रिटनमध्ये मोठे फेरफार केलेल्या एकेका गाडीची स्वतंत्र तपासणी करून तिला मान्यता देण्याची पद्धत आहे. अशी पद्धत आपल्याकडे यावी असे माझे मत आहे. पण ती आली तरी तिच्यापुढे काय ठेवणार? तपासणीला वर्णन लागते. वर्णनाची भाषा आपण घडवलेलीच नाही.

येथे माझ्या तक्रारीचे दोन धागे एकत्र येतात. 'जुगाड' हा शब्द या कामाला वर्णनातून सूट देतो. जुगाडाचे वर्णन करायचे नसते, त्याचे नवल करायचे असते. आणि ज्याचे फक्त नवल होते ते शिकवता येत नाही, तपासता येत नाही, सुधारताही येत नाही. म्हणून चांगला मिस्त्री आणि वाईट मिस्त्री एकाच नावाखाली राहतात, एकाच कलमाखाली येतात, आणि चांगल्याचे ज्ञान त्याच्याबरोबर जाते.

आमच्या बाबतीत ते तसे गेलेच. गाडीने सोळा-सतरा पावसाळे काढले. पुढचा आस एकदाही उघडावा लागला नाही. दोनदा क्रॉस बदलले, एवढेच. काका थकल्यावर ती विकायची ठरली, तेव्हा कागदावरची गाडी आणि अंगणातली गाडी वेगळ्या निघाल्या. घेणारा कागद मागत होता, आणि ते त्याचे बरोबरच होते. शेवटी २०२१ मध्ये ती वजनावर भंगारात गेली. मिस्त्री त्याच्या आदल्या वर्षी वारले. त्यांच्या मुलाने मोबाइल दुरुस्तीचे दुकान टाकले आहे. वडिलांनी किती गाड्यांचे पुढचे आस बसवले, कोणत्या गाडीला कोणता आस जुळतो, कमानीच्या बैठका किती अंतरावर घेतल्या, यातले त्याला काही ठाऊक नाही. ठाऊक असण्याचे कारणही नाही. ज्याला ठाऊक असायला हवे होते तो मी होतो. दीड महिना मी त्या अंगणात उभा होतो, मराठीची पदव्युत्तर पदवी माझ्या हातात होती, आणि मी एक ओळ लिहिली नाही. त्या उन्हाळ्यात मी कविता लिहीत होतो. त्यांतली एकही आज माझ्याजवळ नाही, आणि त्याचे मला वाईट वाटत नाही.

आक्षेप येतील, आणि ते रास्त आहेत. पहिला असा, की साहित्याचे काम दुरुस्तीची पुस्तिका लिहिणे नव्हे. मान्य. पण वर्णनात्मक गद्य हा साहित्याचा पाया आहे, आणि तो आपल्याकडे कच्चा आहे असे मला शिकवताना रोज जाणवते. विद्यार्थी पहाटेचे, पावसाचे, आईच्या हातांचे वर्णन सहज करतात. सायकलची साखळी पुन्हा कशी चढवावी हे क्रमवार आणि कोणाला करता येईल असे लिहा म्हटले, की पानभर अडखळतात. विशेषणे आहेत, क्रियापदे नाहीत. दुसरा आक्षेप असा, की हे अभियांत्रिकी विद्यार्थ्यांचे काम आहे. त्यांनी जरूर करावे. पण मिस्त्री जे सांगतो ते त्याच्या बोलीत सांगतो. ती बोली ऐकून, तिचा अर्थ न सांडता ती लिहून घेणे हे कौशल्य शिकवल्याचा दावा आपण करतो. झाडीबोलीचे कार्यकर्ते गेली तीन दशके गाणी, म्हणी, दंडार यांचे संकलन करीत आले आहेत. त्याच वहीत आणखी एक सदर उघडायला हरकत नसावी. तिसरा आक्षेप माझा मलाच आहे: असे लिहिल्याने बेकायदा कामाला प्रतिष्ठा मिळेल का? मला उलट वाटते. नोंद झाली की वाईट काम उघडे पडते. अंधार वाईट मिस्त्रीच्याच सोयीचा असतो.

म्हणून एक साधी सूचना करतो. आपल्यापैकी जे ग्रामीण महाविद्यालयांत शिकवतात त्यांनी प्रकल्पासाठी दरवर्षी येणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी दोघांना तरी कवीकडे न पाठवता गावातल्या एखाद्या जुन्या मिस्त्रीकडे, खराद्याकडे, पंप दुरुस्त करणाऱ्याकडे पाठवावे. एकच काम, आरंभापासून शेवटपर्यंत, त्याच्या शब्दांत आणि मापांसह लिहून आणायला सांगावे. त्याने काय नाकारले आणि का, हा प्रश्न आवर्जून विचारायला सांगावा. जमल्यास शेवटी त्यालाच वाचून दाखवावे. चूक कुठे आहे ते तो सांगेल. अशी वीस-पंचवीस टिपणे जमली, की 'जुगाड' हा शब्द आपोआप अपुरा वाटू लागेल.

मी या वर्षीपासून सुरुवात केली आहे. पहिले टिपण गेल्या महिन्यात हाती आले: भातगिरणीतल्या जुन्या हलरच्या जाळ्या बदलण्याविषयी, चार पानांचे. भाषा रांगडी आहे, शुद्धलेखनाच्या चुका बऱ्याच आहेत, आणि तिसऱ्या पानावर एक वाक्य आहे की गिरणीवाल्या बुवांनी नवी आणलेली जाळी परत पाठवली, कारण तिची भोके धानाच्या जातीला जुळत नव्हती. मी त्या वाक्याखाली रेघ ओढली आणि समासात लिहिले: येथे आणखी विस्तार करा.